सँडरच्या पॅडचा स्क्रू बदलताना या चुका टाळा

दुरुस्तीला येणाऱ्या सँडरची (लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या मशीनची) तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "मशीन खूप थरथरतंय." मी आधी प्लग काढतो, मशीन उलटं करतो आणि पॅडचा, म्हणजे पॉलिश पेपर लागतो त्या तबकडीचा, स्क्रू बघतो. कुठे एलन कीचा (षटकोनी चावीचा) खड्डा झिजून गोल झालेला असतो, कुठे मूळ स्क्रू हरवला म्हणून डब्यात सापडला तो लावलेला असतो. रँडम ऑर्बिटल सँडरचा पॅड मिनिटाला १२,००० च्या आसपास हेलकावे खातो, आणि त्याला धरून ठेवणारा हा एकच स्क्रू असतो, काही मॉडेलांत तीन किंवा चार. त्यामुळे "चालतंय की" म्हणून भलताच स्क्रू लावलेला पाहिला की मला खरंच भीती वाटते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आटे न तपासल्यामुळे. गेल्या पावसाळ्यात फर्निचरच्या कारखान्यातला एक मुलगा एअर सँडर (हवेच्या दाबावर चालणारा) घेऊन आला. या मशीनच्या पॅडला पाठीमागेच स्क्रू पक्का बसवलेला असतो. पॅड फिरवला की तो स्पिंडलमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यात, जातो. नवा पॅड दीड-दोन फेरे गेला आणि अडकला. "दादा, आटे नवीन आहेत म्हणून टाइट जात असेल," असं म्हणून त्याने पाना लावला होता. स्पिंडलचे आटे होते ५/१६ इंच, इंचाला २४; पॅडचा स्क्रू होता एम ८, म्हणजे ८ मिलीमीटरचा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलीमीटर. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, व्हर्निअरवरही फरक चटकन कळत नाही. फरक आहे पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरात: एकाचं साधारण १.०६ मिलीमीटर, दुसऱ्याचं १.२५. पाच-सहा आट्यांत एक मिलीमीटरची तफावत पडते आणि तिथेच स्क्रू आतले आटे खायला लागतो. पॅड बदलून मिळतो. स्पिंडल बदलायचा म्हणजे मशीन पूर्ण खोलावं लागतं.

पिच गेज नसेल तर जुना आणि नवा स्क्रू आट्यांत आटे घालून शेजारी धरा आणि उजेडाकडे करून बघा. मधून फट दिसली तर पिच वेगळं. दुसरी परीक्षा त्याहून सोपी: स्क्रू नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. मध्येच अडकला तर पाना खाली ठेवा आणि स्क्रू बाहेर काढा.

लांबीचंही तसंच. दोन मिलीमीटर जास्त लांबीचा स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण डोकं पॅडवर दाबलेलंच नसतं. आखूड असेल तर दोन-तीन आट्यांवर सगळा भार येतो. पोलादात निदान स्क्रूच्या जाडीइतके आटे आत गेले पाहिजेत, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट. दुकानात लांबी सांगतानाही गोंधळ होतो: चपट्या, खड्ड्यात बसणाऱ्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, एलन बोल्टची डोक्याखालून. म्हणून नमुना हातात घेऊनच जा, आणि तोही हरवला असेल तर मशीनच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहून न्या. पार्ट डायग्राममध्ये स्क्रूलाही स्वतःचा नंबर असतो.

"स्टेनलेसचा द्या, गंजणार नाही" हा आग्रह इथे सोडा. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची ताकद ७०० मेगापास्कल धरतात, १२.९ ग्रेडच्या काळ्या एलन बोल्टची १,२००. मूळ स्क्रूच्या डोक्यावर ग्रेडचा जो आकडा आहे तोच घ्या.

जुना स्क्रू निघत नाही म्हणून ड्रिल काढण्याआधी त्याच्या डोक्यात नीट बघा. लाकडाचा भुसा, पुट्टी आणि सीलर मिळून तिथे दगडासारखा थर बसतो. एलन की वरवर टेकते, जोर लावला की घसरते आणि खड्ड्याचे कोपरे जातात. दाभणाने किंवा जुन्या कंपासच्या टोकाने तो थर खरवडून काढा. खालचं चकचकीत लोखंड दिसलं की एलन की आत बसवा, हातोडीने हलकेच ठोका, मग फिरवा. अर्धे "जाम" स्क्रू एवढ्यावर निघतात. तरीही हलला नाही तर कोणीतरी लाल थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं चिकट द्रव) लावलेलं असू शकतं. त्याला उष्णता लागते. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक काही मिनिटं फक्त स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. ब्लो टॉर्च नको, पॅड आणि बेअरिंगचं सील दोन्ही जळतील.

नवा स्क्रू बसवताना थ्रेडलॉकर लावायचंच असेल तर निळं, एक थेंब, आणि दोन्हीकडचे आटे तेल पुसून. तेलकट आट्यांवर ते नीट धरत नाही. पूर्ण सुकायला साधारण २४ तास जातात. मशीनच्या प्लास्टिक बॉडीच्या स्क्रूंना मात्र ते लावू नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. तिथे वेगळी सवय लावा: स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात पडल्याचा बारीक "टक" जाणवला की मग सुलटा. थेट सुलटा मारला तर प्लास्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि दोन-चार वेळा खोलल्यावर भोकच ढिलं होतं.

दोन टोकांच्या बफिंग मशीनवर काम असेल तर डाव्या टोकाला बहुधा उलटे आटे असतात. तिथे ढिलं करताय असं समजून लोक आणखी आवळत बसतात.

स्क्रू बदलूनही थरथर राहिली तर पॅडचं मधलं भोक बघा. ढिल्या स्क्रूवर बरेच दिवस चाललेल्या पॅडचं भोक लंबगोल होतं, आणि असा पॅड कोणताही स्क्रू सरळ धरत नाही. सगळं ठीक असेल तर पॅड लाकडावर टेकवूनच मशीन सुरू करा, हवेत नको. दहा-पंधरा मिनिटांनी बंद करा, प्लग काढा आणि स्क्रूला परत एकदा की लावून बघा. नवा पॅड थोडा दबतो, त्यामुळे पाव फेरा हमखास मिळतो.