मुतखडा झालाय? टोमॅटो सोडण्याआधी हातातली बाटली खाली ठेवा

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. मार्च लागला की कमरेवर हात दाबून, वाकून चालत येणारी माणसं वाढतात. एका हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात शेजारच्या टपरीवरून घेतलेली थंड्याची बाटली. पहिला प्रश्न ठरलेला: “काय काय बंद करू?” यादी त्यांनीच करून आणलेली असते. टोमॅटो, वांगं, दूध, पेरू. त्या यादीत हातातल्या बाटलीचं नाव कधीच नसतं. बावीस वर्षं हेच बघतोय, म्हणून मुतखड्यात लोक करतात त्या चार चुका आज सविस्तर लिहितो.

तहान थंड्यावर भागवणं

काकवी फार आटली की तिच्यात साखरेचे खडे धरतात. लघवीचंही तसंच होतं. तिच्यात कॅल्शियम, ऑक्झलेट (पालक, शेंगदाण्यातूनही येणारा क्षार), युरिक अ‍ॅसिड रोजच असतं; पाणी पुरेसं असलं तर विरघळून निघून जातं. मे महिन्यात पारा 42 च्या वर असताना घामावाटे पाणी जातं, लघवी पिवळीजर्द होते आणि खडा धरायला सुरुवात होते.

अशा वेळी आपण पितो काय? गोड थंडं. शंभर मिलीला साधारण दहा ग्रॅम साखर धरली, तरी 600 मिलीच्या बाटलीत 60 ग्रॅम होते, म्हणजे बारा चमचे. या साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज. त्याने शरीरात युरिक अ‍ॅसिड जास्त तयार होतं आणि लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. काळ्या कोलात वरून फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं.

“मग काळं सोडतो, लिंबाचं पांढरं घेतो,” असं म्हणणारे रोज दोन-तीन भेटतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे मला पाठ आहेत. 2013 साली छापलेल्या या पाहणीत सुमारे 1 लाख 94 हजार लोक होते. आठवड्यात एकही गोड कोला न पिणाऱ्यांच्या किंवा क्वचित पिणाऱ्यांच्या तुलनेत, रोज एक किंवा जास्त पिणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी जास्त दिसलं. कोला नसलेल्या गोड थंड्यांमध्ये 33 टक्क्यांनी. अशा पाहणीवरून थंड्यानेच खडा झाला असं सिद्ध होत नाही, पण रंग बदलून सुटका नाही एवढं त्यातून नक्की कळतं. लिंबू हवं तर खरं लिंबू पिळा. त्यातलं सायट्रेट खडा धरण्याला अडवतं. त्यात साखर कमी, आणि चिमूटभरापेक्षा जास्त मीठ नको.

आपल्याकडे पाणी कमी पिण्याला कारणंही आहेत. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. जपून पिण्याची सवय आपल्या हाडात आहे. बाजाराला आलेल्या बायका तर सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत, कारण जायला धड जागा नसते. हे बघून मला फार वाईट वाटतं. माझ्या दुकानामागचं शौचालय मी त्यांच्यासाठी उघडं ठेवतो आणि माठावर तांब्या ठेवतो. बाकीच्या दुकानदारांनीही ठेवावं.

किती प्यायचं? पेले मोजू नका, लघवी मोजा. मी प्रत्येकाला एक दिवस रिकाम्या लिटरच्या बाटलीत लघवी मोजायला सांगतो. लोक लाजतात, पण ज्यांनी मोजली त्यांना लगेच उमगलं. एकदा मुतखडा झालेल्याची चोवीस तासांत अडीच लिटर लघवी व्हायला हवी. रानात राबणाऱ्याला त्यासाठी उन्हाळ्यात चार लिटर किंवा त्याहून जास्त प्यावं लागतं. झोपण्यापूर्वी एक तांब्या आणि रात्री उठलात तर पुन्हा थोडं, ही माझी स्वतःची सवय. हृदयाचा किंवा किडनी निकामी होण्याचा आजार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

कळ थांबली म्हणजे खडा पडला असं समजणं

या एका चुकीसाठी मी ग्राहकांशी भांडतो, कारण ती माझ्या घरात झाली.

माझा आतेभाऊ उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. कारखान्याच्या नंबरात रात्र-रात्र गाडी उभी, झोप येऊ नये म्हणून रोज कोलाच्या दोन मोठ्या बाटल्या, आणि टँकरचं पाणी मचूळ लागतं म्हणून पाणी जवळजवळ नाहीच. एका रात्री डाव्या कुशीतून जांघेपर्यंत कळ आली. सोनोग्राफीत डाव्या मूत्रनलिकेत 7 मिलिमीटरचा खडा आणि किडनीला सूज निघाली. डॉक्टरांनी गोळ्या देऊन पंधरा दिवसांनी परत बोलावलं.

सहाव्या दिवशी कळ गेली. मी विचारलं, “खडा दिसला का?” तो म्हणाला, “नाही, पण कळ थांबली की दादा. आता उगं कशाला पैसे घालायचे फोटोला?” मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. ते आजही सलतं. त्याने पथ्य कडक पाळलं. टोमॅटो नाही, दूध नाही, चहासुद्धा बिनदुधाचा. बाटली मात्र केबिनमध्ये तशीच राहिली.

पाच महिन्यांनी थंडी वाजून ताप भरला. खडा जिथल्या तिथे होता आणि वर तुंबलेल्या लघवीत पू झाला होता. आधी स्टेंट, म्हणजे मूत्रनलिकेत ठेवायची बारीक नळी, टाकून तुंबारा मोकळा केला, मग ताप उतरल्यावर लेझरने खडा फोडला. जीव वाचला, पण डाव्या किडनीचं काम कायमचं निम्म्याहून कमी झालं. तो तेव्हा चौतीस वर्षांचा होता.

अडकलेल्या खड्याची कळ काही दिवसांनी आपोआप थांबू शकते, कारण किडनीच काम कमी करते. म्हणून खडा डोळ्यांनी दिसला पाहिजे, नाहीतर सोनोग्राफी पुन्हा झालीच पाहिजे. खडा असेपर्यंत चहाच्या जुन्या गाळणीतून लघवी गाळा. सापडलेला खडा डबीत घालून डॉक्टरांकडे तपासणीला द्या, म्हणजे पुढचं पथ्य अंदाजाने करावं लागणार नाही.

5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, 10 च्या पुढचे क्वचितच. पण कळ आली की दर वेळी दुखण्याची गोळी मागायची आणि रिपोर्ट दाखवायचा नाही, हे मला मान्य नाही. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीलाच इजा करतात. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. थंडी-ताप, थांबत नसलेल्या उलट्या, लघवी बंद, एकच किडनी किंवा गरोदरपण, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दूध-दही बंद करणं

खड्यात कॅल्शियम असतं, म्हणून कॅल्शियम खायचं नाही, हे ऐकायला पटतं पण चुकीचं आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि विष्ठेवाटे बाहेर नेतं. ते नसलं की ऑक्झलेट मोकळं रक्तात जातं. इटलीत 120 पुरुषांवर पाच वर्षं प्रयोग झाला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम कमी केलेल्या 60 पैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या 60 पैकी 12 जणांना झाला.

म्हणून पालकाची पातळ भाजी शेंगदाण्याचा कूट लावून करत असाल, तर दोन्हीकडून ऑक्झलेट येतं. पालक उकडून ते पाणी फेका, कूट अर्धा करा आणि सोबत वाटीभर दही घ्या. टोमॅटोत ऑक्झलेट फारच कमी असतं. तो खुशाल खा. ताटातलं लोणचं, पापड आणि ठेच्यातलं मीठ आधी बघा, कारण मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियमही वाढतं.

बिअरने खडा पडतो असं म्हणत कळ असताना पिऊ नका. त्या वेळी ढसाढसा पाणीही पिऊ नका; अडकलेला खडा त्याने ढकलला जात नाही, कळ वाढते.

हुलग्याचं कढण खुशाल प्या, पण सोनोग्राफीच्या जागी नको. “पंधरा दिवसांत विरघळवतो” म्हणणाऱ्या पुड्यांवर पैसे घालू नका. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा औषधाने विरघळत नाही. युरिक अ‍ॅसिडचा विरघळू शकतो, पण तो तसाच आहे हे आधी तपासावं लागतं.

क जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांचंही ऑक्झलेट होतं.

स्टेंट आत विसरणं

ऑपरेशननंतर बरं वाटतं, ऊसतोड सुरू होते आणि आतली नळी काढायची राहून जाते. महिनोन् महिने राहिली की तिच्यावरच खडे चढतात आणि एकाच्या जागी दोन ऑपरेशनं होतात. आतेभावाच्या स्टेंटची तारीख मी दुकानातल्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहिली होती, आणि त्या दिवशी शटर ओढून त्याला माझ्या गाडीवर बसवून नेलं.