भाड्याच्या घरात स्वयंपाकघराची कपाटं जोडण्याआधी

पर्वरीत, फोंड्यात, मडगावात भाड्याचा फ्लॅट घेतला की स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा आणि सिंक मिळतं. ओट्याखाली बहुतेक ठिकाणी मोकळी जागाच असते. करार अकरा महिन्यांचा. तिथे पक्कं सुतारकाम करून घेतलं तर ते शेवटी मालकाच्याच घशात जातं, म्हणून सुट्या फळ्यांची, खोक्यातून येणारी कपाटं मागवणं शहाणपणाचं. मात्र सुटी येतात म्हणून ती पुढे सुटी होतीलच, या भरवशावर राहू नये. वाहतुकीला सोपं पडावं म्हणून कारखाना ती तशी पाठवतो. दोन वर्षांनी तुमची वास्कोहून डिचोलीला बदली होईल, हा हिशेब त्यात धरलेला नसतो. तो आपण धरायचा, आणि पहिला स्क्रू पिळायच्या आधी.

पहिलं ठरवायचं ते म्हणजे नेमकं काय सोडवायचं. माझं मत विचाराल तर प्रत्येक फळी सुटी करायच्या फंदात पडू नका. ६० सेंटिमीटर रुंदीचं ओट्याखालचं कपाट दारासकट वीसेक किलोचं भरतं, दोन माणसं ते आरामात उचलतात. ते आहे तसं नेता येत असेल तर आतले सांधे कशाला हलवायचे? सोडवायचे ते फक्त दार, ड्रॉवर, पाय, कपाट-कपाटातला जोड आणि भिंतीचा जोड. फळ्यांपर्यंत जायची पाळी यावी ती कोपऱ्यातल्या कपाटावर, उंच भांडारावर किंवा ९० सेंटिमीटरच्या धुडावर. म्हणून टेप घेऊन आधी मोजायचा तो जिना. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत जिन्याच्या वळणावर किती जागा आहे, स्वयंपाकघराच्या चौकटीतून आतलं माप किती मिळतं, हे लिहून घ्या आणि त्यावरून रुंदी ठरवा. ९० चं एक घेण्यापेक्षा ४५ ची दोन थोडी महाग पडतात, पण पुढच्या घराच्या ओट्याखाली ती बसायची शक्यताही जास्त.

दुसरा प्रश्न फळीचा. पार्टिकल बोर्ड स्वस्त, पण स्क्रूचा आटा त्यात एकदा बसला की तो पुन्हापुन्हा काढघाल सोसत नाही. भुसा सुटतो आणि भोक सैल होतं. शिवाय गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. उघड्या कडेतून दमट हवा आत शिरली की बोर्ड फुगतो, आणि फुगलेली फळी सांध्यातून निघत नाही. परवडत असेल तर निदान सिंकखालचं कपाट तरी आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या मरीन प्लायचं घ्या. बाकीची बोर्डाची चालतील, फक्त चारही कडांना एजबँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, आहे का ते खोकं उघडल्याबरोबर बघा. मागच्या आणि खालच्या कडा कारखाने हमखास कोऱ्या सोडतात. त्यांवर जोडणीआधी पॉलिशचे दोन हात मारून घ्यावेत. जोडल्यावर ब्रश तिथे पोचत नाही.

माल मागवायचा तो दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसात टेम्पोवर ताडपत्री कितीही घट्ट बांधली तरी पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक कोपरा भिजतोच. गणपतीच्या चवथीच्या तोंडावर तर स्वयंपाकघर उघडं टाकूच नये. करंज्यांची परात ठेवायला जागा उरत नाही आणि घरातली मंडळी तुमच्या कपाटांवर कायमचा राग धरतात. फळ्या घरात आल्या की दोन दिवस आडव्या, खाली पट्ट्या देऊन ठेवाव्यात, म्हणजे घरातल्या हवेला त्या सरावतात. रिकामी खोकी मात्र ‘पुढे लागतील’ म्हणून कपाटामागे सारू नका. ओलसर पुठ्ठा म्हणजे बुरशीला आणि वाळवीला आमंत्रण. फक्त फोमचे कोपरे ठेवा, बाकी भंगारात.

ओट्याखालचं माप घेताना एका जागी मोजून भागत नाही. ओटा कडाप्प्याच्या उभ्या पाट्यांवर किंवा विटांच्या कट्ट्यांवर टेकलेला असतो आणि त्या पाट्या क्वचितच एकमेकींना समांतर असतात. पुढे, मध्ये, मागे अशी रुंदी घ्या. उंचीही तशीच, कारण लादीला पाण्याच्या जाळीकडे उतार असतो. सगळ्यांत लहान आकडा धरा आणि त्यातून दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर, वरून दीड-दोन सेंटिमीटर वजा करा. पायांचं माप त्या उंचीतच धरायचं. ही मोकळीक अनेकांना डोळ्यात खुपते. पण कपाट बाहेर ओढायचं असतं तेव्हा हीच जागा उपयोगी पडते: खालचे पाय फिरवून कपाट थोडं खाली घ्यायचं आणि सरळ पुढे ओढायचं. फट झाकायला तशाच लॅमिनेटची पट्टी आतून दोन स्क्रूंनी धरावी. सिलिकॉन भरू नये. ओटा आणि भिंतीच्या सांध्यात ते लागतंच, तिथे न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरचा वास मारणारं स्वस्त सिलिकॉन धातूला गंजवतं.

पाय प्लॅस्टिकचे, फिरवून वरखाली होणारे, १० सेंटिमीटरचे पुरतात. लादी धुतली तरी फळी पाण्यात उभी राहत नाही, आणि वाळवी वर चढू लागली तर टॉर्च मारून दिसते. समोरची स्कर्टिंगची पट्टी क्लिपवर बसवा, खिळ्यांवर नाही.

हत्यारांची यादी मोठी नाही: गुण्या, पाणसळ, टेप, रबरी हातोडी, ४ मिलिमीटरची एलन की (षटकोनी किल्ली), ड्रिल आणि पेन्सिल. स्क्रू ड्रायव्हरबद्दल मात्र दोन शब्द. साध्या फुलीचा पीएच-२ आणि फुलीच्या मध्ये बारीक तिरक्या रेघा असलेला पीझेड-२ हे दोन वेगळे. मिनीफिक्सच्या, म्हणजे दोन फळ्या आवळून धरणाऱ्या चकती-बोल्टच्या जोडीतल्या, चकतीला बहुधा पीझेड-२ लागतो. चुकीचं टोक घातलं तर बसवताना चालून जातं, पण सोडवताना खाच झिजते आणि चकती जागच्या जागी अडकते. म्हापशाच्या बाजारातल्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे चकती दाखवून टोक मागा, तो बरोबर काढून देतो.

आता सांधे. खोक्यातल्या पिशवीत सहसा तीन गोष्टी असतात: मिनीफिक्स, लाकडी डॉवेल आणि कधीकधी कन्फर्मेट स्क्रू. मिनीफिक्सची १५ मिलिमीटरची चकती बसवताना तिच्यावरचा बाण फळीच्या कडेकडे, म्हणजे बोल्ट येणार त्या भोकाकडे हवा. मग अर्धा फेरा किंवा किंचित जास्त, हाताने. बॅटरीवरच्या ड्रिलने शेवटचा पीळ दिला की जस्ताची चकती तडकते. मिनीफिक्सची खरी दुखरी जागा चकती नाही, बोल्ट आहे. तो थेट बोर्डात पिळलेला असतो आणि दरवेळी काढला की भोक मोठं होतं. म्हणून दोनच मार्ग. एक, बोल्ट एकदा बसला की तो फळीतच राहू द्यायचा, नेताना त्यावर जुन्या नळीचा तुकडा चढवायचा. दुसरा, जिथे फळी नक्की सुटी करायची आहे तिथे जोडणीच्या आधीच १० मिलिमीटरचा बुश, म्हणजे आतून आटा असलेली छोटी नळी, घालून घ्यायचा आणि त्यात एम-६ आट्याचा बोल्ट लावायचा. हे काम कपाट उभं राहिल्यावर होत नाही, म्हणून ते तयारीच्या यादीत.

डॉवेल हे ८ मिलिमीटरचे लाकडी खुंटे. पिशवीत गोंदाची छोटी बाटली असते ती बाजूला ठेवून द्या. इथे मेस्तशी, म्हणजे सुताराशी, हमखास वाद होतो.

“बाय, फेव्हिकॉल नाही लावला तर हलत राहील हां.”

“हलू दे, मेस्त. पुढच्या घरी न्यायचंय.”

“मग न्यायच्या वेळी मला बोलवा, तोडून देतो.”

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. गोंद लावलेलं कपाट खरोखर मजबूत होतं, आणि जे कपाट कधीच फळ्यांत सुटं करायचं नाही तिथे तो लावायला माझीही हरकत नाही. पण सुट्या करायच्या सांध्यात डॉवेल कोरडाच बसवावा, वर मेणबत्तीचा एक हात फिरवून. पावसाळ्यात खुंटा फुगतो. मेण असलं तर निघताना बोर्डाचा लचका घेऊन येत नाही.

कन्फर्मेट म्हणजे एलन कीने बसणारे ७ बाय ५०चे जाड स्क्रू. ते दोनतीनदा काढघाल सोसतात, अट एवढीच: पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवायचा. जुना आटा सापडला की स्क्रू बारीक ‘टक्’ करून खाली उतरतो, तिथून सरळ पिळायचा. नाहीतर जुन्या आट्याशेजारी नवा आटा पडतो आणि दोन्ही कामातून जातात. समुद्राजवळ, मिरामार किंवा कोलव्याच्या बाजूला राहत असाल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे घ्या. निदान आट्यावर थोडं व्हॅसलीन लावा, कारण खारट हवेत साध्या स्क्रूच्या खाचेत गंज बसतो आणि किल्लीला पकड मिळत नाही. चकत्यांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्याही शोभेच्या नव्हेत. फोडणीची वाफ आणि तेल तिथे जाऊन पिवळट चिकटा होतो. सोडवताना आधी जुन्या टूथब्रशने आणि टाचणीने खाच साफ करायची, मगच टोक टेकवायचं.

मागची फळी बहुधा ३ मिलिमीटरची आणि खिळ्यांनी ठोकायची असते. खिळे उपटताना ती फाटते, आणि कपाटाचा काटकोन तर तीच धरून असते. त्याऐवजी ६ मिलिमीटरचा प्लाय कापून आणा आणि वॉशरसकट छोट्या स्क्रूंनी लावा. स्क्रू आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर दार कधीच नीट बसणार नाही. दाराला क्लिपवाली ऑटो हिंज (बिजागरी) असली म्हणजे बोटाने दाबून दार काढता येतं, स्क्रूला हात लावावा लागत नाही. दोन कपाटं एकमेकांना जोडायला लाकडी स्क्रू नको, आरपार जाणारा नट-बोल्टचा कनेक्टर घ्या.

सिंकखालच्या कपाटाला मागची फळी लावूच नये. पाइपसाठी बाजूच्या फळीला गोल भोक पाडण्याऐवजी मागच्या कडेपर्यंत उघडी असलेली खाच कापा, म्हणजे प्लंबरला न बोलावता कपाट पुढे निघतं. कापलेल्या कडेला पॉलिश लावायला विसरू नका. गॅसच्या सिलिंडरच्या जागी तळाची फळीही नको. १४.२ किलोचा सिलिंडर ट्रॉलीवर, लादीवरच राहू द्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून दाराला तळाशी भोकं किंवा जाळी हवी. रेग्युलेटरला हात सहज पोचला पाहिजे आणि नळी कुठेही फळीआड दडता कामा नये.

वरची कपाटं टांगायची तर भिंत आधी ओळखा. गोव्यात चिरा, म्हणजे जांभा दगड, फार. ड्रिलमधून लाल भुकटी भराभर यायला लागली की चिरा, करडी आणि सावकाश आली तर काँक्रीट. चिऱ्यात हॅमर बंद करून भोक पाडा, नाहीतर भोकाचं भगदाड होतं. प्लास्टरच्या पलीकडे पोचेल असा लांब रॉल प्लग घ्या. चिऱ्यात आत पोकळ्या असतात, म्हणून दोन बिंदूंवर कपाट लटकवण्यापेक्षा भिंतीला आडवी लोखंडी रेल मारावी. एक भोक पोकळीत गेलं तर रेलच्या पुढच्या खाचेत दुसरं घेता येतं. कपाट रेलवर अडकतं आणि वर उचललं की निघतं. भोकं पाडण्याआधी मालकाची परवानगी लेखी, निदान व्हॉट्सॲपवर घ्या, आणि भिंतीचा फोटो काढून ठेवा.

खुणा करायला मास्किंग टेपवर विसंबू नका. दमट हवेत तिचा डिंक सुटतो. मार्करने फळीच्या न दिसणाऱ्या कडेवरच लिहा: ‘खाली २, डावी’, बाण पुढच्या बाजूला. फोटो काढताना कपाट पूर्ण झाल्यावरचा नको, मागची फळी लावण्याआधीचा हवा. चकत्या, बोल्ट, बुश दहा टक्के जास्त घ्या, कारण दोन वर्षांनी तेच माप दुकानात मिळेल याची खात्री नसते. ते सगळं, सूचनांच्या कागदासकट, झिपच्या पिशवीत घालून सर्वांत वरच्या ड्रॉवरच्या मागच्या फळीला चिकटवा.

भांडी लावण्याआधी मात्र मधलं एक कपाट पूर्ण बाहेर काढून बघा आणि परत बसवा. कुठे अडकतं, कोणती किल्ली तिरकी घालावी लागते, कुठला स्क्रू ओट्याच्या कडेमुळे हाताला येत नाही, हे तेव्हाच कळतं. अडलेला स्क्रू त्याच वेळी पलीकडच्या बाजूने घ्या, आणि जे आखूड हँडलचं हत्यार लागलं ते वेगळं आणून त्याच झिपच्या पिशवीत टाका.