जुना पीसी काट्यावर चढवण्याआधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. मग असा पीसी एकतर माळ्यावर जातो, नाहीतर किलोच्या भावाने भंगारात. डबा एक दिसतो, पण आतल्या प्रत्येक पार्टचं आयुष्य आणि किंमत वेगळी असते. अख्खा डबा एकाच न्यायाने निकालात काढला की नुकसान होतं.

फॉरमॅट मारला म्हणजे डेटा गेला, असं समजू नका

क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी पुसली जाते; मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही परत येतो. जीएसटीची बिलं, कामगारांचे आधार, टॅलीचा बॅकअप अशी डिस्क काट्यावर द्यायची नसते.

डिस्क दुसऱ्या पीसीला जोडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट चालवा. आधी लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, शेवटी क्लीन ऑल. क्रमांक चुकला तर चालू पीसीचीच डिस्क साफ होईल, म्हणून जीबीचा आकडा जुळवूनच एंटर दाबा. ५०० जीबीला साधारण दीड-दोन तास लागतात. या काळात पडद्यावर काहीच हलत नाही. हँग झालं समजून लोक इथेच खिडकी बंद करतात आणि अर्धी डिस्क तशीच राहते. मध्येच लाइट गेली तर कमांड पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते.

एसएसडीला (चकत्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला) हा उपाय लावू नका. कंपनीच्या टूलमधलं किंवा बायोसमधलं (पीसी चालू होताना सर्वात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधलं) सिक्युअर इरेज, म्हणजे पूर्ण पुसण्याची सोय, वापरा. हार्ड डिस्क बंदच पडली असेल तर उघडून आतल्या चकत्या खराब करा. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बहुधा काचेच्या असतात, हातोडा मारला की तुकडे उडतात, चष्मा लावा.

वेग हवा म्हणून प्रोसेसर बदलणं

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. एच६१ मदरबोर्डावर इंटेलच्या दुसऱ्या जनरेशनचा आय३ आहे, एलजीए ११५५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) तेच आहे म्हणून तिसऱ्या जनरेशनचा आय५ आणला जातो, आणि डिस्प्लेच येत नाही. कारण जुनं बायोस त्या चिपला ओळखत नाही. बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करावं लागतं. एलजीए ११५१ मध्ये तर फसगत आणखी मोठी: सहाव्या-सातव्या जनरेशनच्या बोर्डात आठव्या जनरेशनची चिप बसते, पण चालत नाही.

ऑफिसच्या कामासाठी आधी एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा. एच६१ वर साटाचा (डिस्क जोडण्याच्या पोर्टचा) वेग निम्माच मिळतो, तरी हार्ड डिस्कपेक्षा फरक लगेच जाणवतो. जुनी विंडोज नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवून (क्लोन करून) मग बायोसमध्ये डिस्कचा मोड आयडीई (जुना) वरून एएचसीआय (नवा) केला तर ७बी एररची निळी स्क्रीन येऊ शकते. सेटिंग परत आयडीई करा, विंडोजमध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट निवडा, रीस्टार्ट करताना एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा चालू झालं की सेफ बूट काढा.

कोअर २ ड्युओवर मात्र पैसे घालू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला लागणाऱ्या काही सूचना (प्रोसेसरला समजणाऱ्या कमांड) त्या चिपमध्ये नाहीतच, त्यामुळे कोणतीही जुगाडू इन्स्टॉल चालत नाही. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी. चोवीस तास सर्व्हर म्हणून ठेवायचा विचार असेल तर आधी बिल मोजा: ६५ वॅट खाणारा पीसी महिन्याला जवळजवळ ४७ युनिट खातो.

कूलर ओढून काढू नका

एएमडीच्या एएम३, एएम४ सॉकेटमध्ये वाळलेली पेस्ट (चिपची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) चिपला कूलरशी चिकटवून ठेवते. थंड मशिनवर कूलर ओढला की लॉक बंद असतानाही चिप उपटून येते आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं पीसी चालवा, बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करा. वाकलेली पिन ०.७ मिमीच्या मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकात घालून हळूहळू सरळ करता येते. इंटेलच्या एलजीएमध्ये पिना बोर्डावर असतात. बोर्ड विकायचा असेल तर सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण हवंच. सोलापूरच्या नवी पेठेत असो वा ऑनलाइन, एक पिन वाकलेली दिसली की भाव कोसळतो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जेल सॅनिटायझरने नको. त्यातला चिकटपणा मागे राहतो. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. इंटेलच्या कूलरच्या चारही पिना तिरप्या जोडीने दाबा. एक जरी बसली नाही तरी मशीन काही मिनिटांत तापून बंद पडतं. यंत्रमागाजवळच्या पीसीत कूलरच्या पात्यांमध्ये कापसाचे तंतू थरावर थर बसतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा. उन्हाळ्यात सोलापूरच्या कोरड्या हवेत स्टॅटिकचा धोका वाढतो, म्हणून रॅम काढण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा.

जुना एसएमपीएस नव्या मशिनला जोडणं

एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. त्याच्या लेबलवर ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्याच लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर असेल तर त्या लाइनवर मिळणार १९२ वॅटच. ग्राफिक्स कार्ड ओढेल आणि मशीन रीस्टार्ट होत राहील. उघडूनही पाहू नका. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

सोनं काढायचा उद्योग

अ‍ॅसिडमध्ये चिप बुडवून सोनं काढण्याचे व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करू नका. नायट्रिक अ‍ॅसिडमधून निघणारी तपकिरी वाफ फुप्फुसं जाळते, आणि सध्याच्या प्रोसेसरमध्ये सोनं अगदी नाममात्र असतं.

चालू रॅम, चालू प्रोसेसर, बोर्ड वेगवेगळे विका. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरचा पॅरलल पोर्ट डोंगल (जुन्या प्रिंटर पोर्टला लावायची, सॉफ्टवेअर उघडणारी किल्ली) असेल तर तो पोर्ट असलेलं मशीन जपून ठेवा, फक्त इंटरनेटला जोडू नका. यूपीएसची बॅटरी बॅटरीच्या दुकानात नवी घेताना परत द्या. उरलेला इ-कचरा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदणीकृत रिसायकलरकडेच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम तेच सांगतात. सोसायटीतल्या चार-पाच घरांचा माल एकत्र करून फोन केला तर उचलून नेण्याची शक्यता जास्त.