कापलेला स्नॅपड्रॅगन आडवा ठेवू नका

स्नॅपड्रॅगनचे, म्हणजे नर्सरीतल्या ‘डॉग फ्लॉवर’चे, फुलांचे दांडे घरी आणलेत की आधी ते उभे करा. ओट्यावर, टेबलावर, गाडीच्या मागच्या सीटवर आडवे टाकू नका. गुलाब, शेवंती तसं सहन करतात, हा करत नाही. कापल्यावरही याचा शेंडा वाढत राहतो आणि दांडा आडवा झाला की तो आकाशाकडे वळायला लागतो. काही तासांत तुऱ्याचं टोक हुकासारखं वाकतं. मग तुम्ही उभा केलात की ते पुन्हा उलट वळतं आणि दांड्याला नागमोडी आकार येतो. सरळ काही तो होत नाही.

म्हणून आमच्या कोथरूडच्या गच्चीवरून कोणाला फुलं न्यायची असली की मी बादलीत चार बोटं पाणी घालून देते. स्कूटर असेल तर बादली पायाशी. कागदात गुंडाळून पिशवीत आडवी टाकायची असतील तर शेवंती न्या, स्नॅपड्रॅगन मी देत नाही!

कापायची वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. फुलं खालून वर उमलतात. तळची एक तृतीयांश उमलली, मधल्या कळ्यांनी रंग दाखवला आणि टोक हिरवं आहे, अशा वेळी कापा. फार लवकर कापलात तर वरच्या कळ्या घरातल्या कमी उजेडात फिक्या आणि चिमुकल्या राहतात. फार उशीर केलात तर मधमाश्या आणि भुंगे आधीच येऊन गेलेले असतात. मुलं या फुलाचे गाल दाबून त्याचं तोंड उघडतात ना, तेच काम वजनदार मधमाशी किंवा भुंगा करतो. एकदा परागण झालं की झाडाच्या दृष्टीने पाकळ्यांचं काम संपलं. एक-दोन दिवसांत अख्खं फूल, अजून ताजं दिसत असतानाच, गळून पडतं. तळाची फुलं टपटप पडत असतील तर दर वेळी दोष पाण्याचा नसतो.

गळतीचं दुसरं कारण घरात असतं. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि स्नॅपड्रॅगनला तो अजिबात सोसत नाही. डायनिंग टेबलावर मधोमध फुलदाणी आणि शेजारी केळी, चिकू, पेरू, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. यातलं एक उचला. धुरातही हा वायू असतो, म्हणून देवघरात उदबत्तीच्या जवळ ही फुलं मी ठेवत नाही. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवायची असतील तर उभी ठेवा आणि फळं बाहेर काढा. ते जमणार नसेल तर फ्रीजपेक्षा गारशी खोली बरी. व्यापारी फूलशेतीत दांड्यांना सिल्व्हर थायोसल्फेटचं पाणी पाजतात, त्याने गळती कमी होते. घरात तो उद्योग नको.

आता पाणी. भांडं साबणाने घासून घ्या. फुलदाणीचा तळ आपण फार क्वचित घासतो. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा. धारदार कात्रीने दांड्याचं टोक दोन सेंटिमीटर छाटा आणि लगेच पाण्यात घाला, दोन-तीन तास सावलीत राहू द्या, मग सजावट करा. वरच्या कळ्या उमलायला साखर लागते: एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि साध्या, बिनवासाच्या ब्लीचचे काही थेंब. लिंबू आणि ब्लीच दोन्ही पाण्यातच घाला, एकमेकांवर थेट ओतू नका. नुसती साखर घालू नका, तिने जंतूंचीच पंगत बसते. एक दिवसाआड पाणी बदला, टोक पुन्हा थोडं छाटा, सुकलेली फुलं खुडा. शेंड्याचं बोटभर हिरवं टोक मी पहिल्याच दिवशी खुडते. ते तसंही उमलत नाही आणि वाकायचा धोका तिथेच असतो. एवढं केलं तर आठवडा सहज निघतो.

स्वतः लावायचे असतील तर उंच जात घ्या. नर्सरीत हिवाळ्यात ‘डॉग फ्लॉवर’ म्हणून जी रोपं मिळतात ती बहुतेक बुटकी, वाफ्याच्या कडेला लावायची असतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात वाफे बघून खूश होऊन तीच घेतलीत तर फुलदाणीत टोचायला वीतभर दांडा मिळेल. ‘रॉकेट’सारखी अडीच-तीन फुटांची जात मागा, नाहीतर बियाणं घ्या. बी खसखशीहून बारीक, त्याला रुजायला उजेड लागतो. मातीने झाकू नका, नुसतं दाबा आणि फवाऱ्याने पाणी द्या. पुण्यात पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरलं की थंडीचा पूर्ण फायदा मिळतो.

रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडा. फूल थोडं उशिरा येतं, पण एकाऐवजी चार-पाच दांडे मिळतात. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा आणि लहान असतानाच सुतळीची जाळी बांधा, कारण झुकलेला दांडा झाडावरही वाकडाच वाढतो. पाणी मुळाशी द्या. पानं रात्रभर ओली राहिली की तांबेरा येतो, पानाच्या पाठीवर तपकिरी पुटकुळ्या दिसतात. अशी पानं कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

दांडा कापताना खाली पानांच्या तीन-चार जोड्या सोडा, तिथून फुटवे येतात. त्यांचे तुरे आखूड असतात, पण पेल्यात छान दिसतात. मार्चच्या उन्हात झाड दमतं. त्याला खत घालून जागवत बसू नका, उपटा. हायब्रीडचं बीही धरू नका. पुढच्या पिढीत उंचीचा भरवसा नसतो, आणि फुलदाणीसाठी आपल्याला हवी असते ती उंचीच.