चौकोनातून गोलात: लॉफ्ट आणि स्वीप न बिघडवता

वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या वर्कशॉपात नेहमी लागणारा भाग घेऊ: ३०० × ३०० मिमी चौकोनी डक्टचा २५० मिमी गोल पाइपशी जोड. संगणकावर त्रिमितीय भाग काढणाऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये असा भाग लॉफ्टने होतो, म्हणजे एका आकारापासून दुसऱ्यापर्यंत पृष्ठभाग ताणून; स्वीपमध्ये एकच आकार एका मार्गावरून ओढला जातो.

एक स्केच चौकोनाचं, ४०० मिमी वरच्या प्लेनवर (काल्पनिक सपाट पातळीवर) दुसरं वर्तुळाचं. इथेच घाई नडते. चौकोनाला चार कोपरे, वर्तुळाला एकही नाही; मग कोणता बिंदू कुठे जोडायचा हे सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं आणि पृष्ठभाग ओल्या टॉवेलसारखा पिळला जातो. म्हणून चौकोनाचे कर्ण बांधकाम-रेषा म्हणून काढा आणि त्या जिथे वर्तुळाला छेदतात तिथे त्याचे चार तुकडे करा. आता कोपऱ्यासमोर बिंदू आला. तरीही पीळ दिसला तर सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये हिरवे कनेक्टर (कोणता बिंदू कुठे जोडला ते दाखवणाऱ्या खुणा) ओढून जुळवा. टोकं सरळ निघायला हवीत तर दोन्हीकडे ‘नॉर्मल टू प्रोफाइल’ (प्रोफाइलला, म्हणजे स्केचमधल्या आकाराला, काटकोनात) लावा. पत्रा वाकवून करायचा असेल तर मात्र नको, दुहेरी वक्रता येते आणि पत्रा उलगडत नाही.

स्वीपला नियम कमी. आधी मार्ग काढा, मग त्याच्या टोकाशी काटकोनात प्लेन, त्यावर प्रोफाइल. वर्तुळाचा केंद्रबिंदू ‘पिअर्स’ने, म्हणजे मार्ग प्लेनला भेदतो त्याच बिंदूवर, मार्गाला बांधा. ४८.३ मिमी बाह्य व्यासाच्या पाइपला वळणाची मध्यरेषा-त्रिज्या २४.१५ मिमीपेक्षा कमी दिली, की आतली बाजू स्वतःलाच छेदते आणि फीचर फेल. ५७ मिमी ठेवा, तयार लाँग-रेडियस एल्बोही तेवढ्याच त्रिज्येचा मिळतो.

फ्रीकॅड या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये अवकाशी (एका पातळीत न राहणाऱ्या) मार्गावर स्वीप करताना प्रोफाइल गोल गोल फिरत गेलं, तर ओरिएंटेशन मोड, म्हणजे प्रोफाइलची दिशा ठरवणारी सेटिंग, बदलून पाहा.