गणपतीला गावी निघण्याआधी गाडीचा क्लच

चतुर्थीला गाडी घेऊन गावी जाणार असाल तर क्लचची तपासणी निदान पंधरा दिवस आधी उरका. शेवटच्या आठवड्यात गॅरेजवाला हातातल्या कामांकडे बोट दाखवतो, आणि गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं की दिवस गेलाच. गावी पोचल्यावर बघू, असं तर म्हणूच नका. चिपळूण-कणकवलीला मेकॅनिक हुशार आहेत, पण सणाच्या गर्दीत नेमका तुमच्या मॉडेलचा क्लच सेट दुकानात मिळेलच असं नाही.

दुखणी मुख्यतः दोन: क्लच धरत नाही (पेडल सोडलं तरी इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पुरता पोचत नाही), नाहीतर सुटत नाही (पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत). दोन्हींची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा, म्हणून यातलं आपलं कुठलं ते घरीच ठरवून मग गॅरेजला जा.

धरतो का ते बघायला मोकळा सपाट रस्ता गाठा. चौथ्या गिअरमध्ये 40-50 च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र जागेवरच राहिला, तर क्लचची प्लेट घसरतेय. टर्बो डिझेल गाडीत हे 2000 आरपीएमच्या आसपास, टर्बोचा जोर आला की चटकन कळतं. रिकाम्या गाडीत ठीक वाटणारा क्लच सात माणसं आणि टपावरचं सामान घेऊन चढाला लागला की उघडा पडतो, तेव्हा शक्यतो घरच्यांना बसवूनच बघा. उभ्या गाडीत हँडब्रेक घट्ट ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचा, हीसुद्धा एक रीत आहे. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. समोर कुणी उभं नको, आणि हे एकदाच करायचं. पुन्हा पुन्हा केलंत तर प्लेट तुम्हीच जाळाल.

घसरतोय म्हणजे प्लेट संपलीच, असं मात्र नाही. केबलवाल्या गाडीत (पेडल तारेने क्लच ओढतं ती) क्लचचं पेडल बोटांनी दाबून बघा. सुरुवातीला थोडं सैल जायला हवं, साधारण 10 ते 20 मिलिमीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. सैलपणा अजिबात नसेल तर केबल जास्त ताणलेली असू शकते, आणि तेवढ्यानेही क्लच घसरतो. हे काम पाना फिरवण्याएवढं.

आता सुटतो का ते. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्रर्र आवाज आला किंवा पहिला गिअर ढकलून घालावा लागला, तर इंजिन बंद करून तेच गिअर पुन्हा टाका. बंद इंजिनात अलगद पडत असतील तर क्लच सुटत नाहीये. तेव्हाही अडत असतील तर दोष बहुधा गिअरच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्सात. या एका चाचणीने कितीतरी फुकटची खोलाखोल वाचते.

हायड्रॉलिक क्लच असेल (केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा) तर टॉर्च घेऊन पेडलच्या वर, फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी डोकवा. तिथे किंवा पायाखालच्या मॅटवर ओल दिसली की पावसाचं पाणी म्हणून पुसून टाकू नका. बोट लावा. पाणी सुकतं; फ्लुइड बुळबुळीत राहतं आणि रंगावर पडलं तर रंग उडवतं. पेडल दोन-तीनदा मारल्यावरच गिअर पडत असतील तर लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर मास्टर (पेडलकडचा) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडर गळतोय. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचच्या फ्लुइडचा डबा एकच असतो, त्यामुळे पातळी उतरलेली दिसली तर चालढकल नको. आणि हो, हे सगळं करण्याआधी मॅट सरकून पेडलखाली अडकलं नाहीये ना, तेही बघा. हसू नका, असं होतं.

आवाजाचं थोडक्यात. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सातलं बेअरिंग. सुटताना गाडी थडथडत असेल तर इंजिनाचं माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) आधी तपासायला सांगा.

गिअरबॉक्स उतरलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट (प्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. मजुरीच मोठी असते, नुसती प्लेट घालून वाचवलेले पैसे टिकत नाहीत. क्रँकचं मागचं ऑइल सील तेव्हाच बघून घ्या, नाहीतर नव्या प्लेटवर तेल.

गावाकडच्या पडवीत पावसाळाभर उभी असलेली गाडी असेल तर तिची तऱ्हा वेगळी. खाऱ्या, दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या जड चाकाला) गंजून चिकटते आणि चालू इंजिनात कुठलाच गिअर पडत नाही. ती गाडी गणपती येण्याआधी कुणाला तरी चालू करून चार पावलं फिरवायला सांगा.

सामानात फ्लुइडची सीलबंद बाटली घ्या; डॉट 3 की डॉट 4 ते डब्याच्या झाकणावर असतं. फोडलेली जुनी बाटली नको, ते हवेतली ओल ओढतं. जुन्या केबलच्या गाडीला एक केबल जास्तीची. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या कोंडीत अर्ध्या क्लचवर रांगू नका, न्यूट्रल करून थांबा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर गाडी चढवताना ओल्या उतारावर हँडब्रेक वापरा. कुंभार्ली किंवा आंबा घाटाने येणाऱ्यांना जाताना उतार असतो, त्यामुळे क्लचची खोट कळतच नाही. चढ लागतो परतताना, डिकीत तांदूळ-नारळ भरल्यावर. तेव्हा फ्लुइडची पातळी आणि रिव्हर्सची चाचणी परतीला निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा करा.