शस्त्र परवान्याचं नूतनीकरण रखडलं किंवा परवाना निलंबित झाला, तर काय करायचं

परवान्याची मुदत संपली आहे, नूतनीकरणाचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर आहे आणि बंदूक घरच्या कपाटात आहे. परवानाधारक सर्वांत जास्त गोत्यात येतो तो या अवस्थेत. अर्ज दिलाय, पोच हातात आहे, म्हणजे आपण निर्धास्त, असं बहुतेकजण धरून चालतात. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 21 मात्र सांगतं की परवान्याची मुदत संपली, तो निलंबित झाला किंवा रद्द झाला, की शस्त्र आणि काडतुसं विनाकारण वेळ न घालवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद अशी झाली आहे. कार्यालयाने उशीर केला हा मुद्दा कोर्टात मांडता येईल, पण गुन्हा दाखल झाल्यावर. म्हणून आधी शस्त्र जमा, मग भांडण.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या वैयक्तिक परवानाधारकांसाठी आहे.

अर्ज कधी आणि कुठे

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना प्राधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. बाकी जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाची संबंधित शाखा. नूतनीकरणाचा अर्ज शस्त्र नियम 2016 मधल्या नमुना ए-3 मध्ये, मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी द्यायचा असतो. कागदपत्रांची जुळवाजुळव मात्र चार महिने आधी सुरू करा. 14 डिसेंबर 2019 पासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. तरी आपल्या पुस्तिकेवर शिक्क्यासह जी तारीख लिहिली आहे तीच खरी. "आता पाच वर्षं झालीत ना" म्हणून मनाशी दोन वर्षं वाढवून घेतली, तर ती मुदतवाढ फक्त तुमच्याच डोक्यात असते.

अर्ज देण्याआधी तीन गोष्टी शेजारी ठेवून ताडून पाहा: परवान्याची पुस्तिका, राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसमधली युआयएनसह (परवानाधारकाला मिळणारा विशिष्ट ओळख क्रमांक) नोंद आणि प्रत्यक्ष शस्त्रावर कोरलेला क्रमांक. फायली परत येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. जुन्या बारा बोअरच्या दुनळीवर क्रमांक बाहेरून दिसत नाही. बंदूक मोडून उघडली की नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर आणि चापाच्या पेटीवर तो सापडतो. तिथे शून्य की इंग्रजी ओ, एक की आय, यात कारकुनाची हमखास गल्लत होते. फरक आढळला तर नूतनीकरणाच्या अर्जासोबतच दुरुस्तीचा वेगळा अर्ज आणि क्रमांकाचा स्पष्ट फोटो द्या. कुठे बोलायचं नाही म्हणून गप्प राहिलात, तर पडताळणीत हाच फरक "दुसरंच शस्त्र" म्हणून अंगावर येतो.

पत्त्याचंही तसंच. घर बदललं असेल आणि परवान्यावर जुनाच पत्ता असेल, तर अर्ज जुन्या ठाण्याकडे जातो. तिथला अंमलदार दारावर कुलूप पाहून "सदर इसम पत्त्यावर राहत नाही" असं लिहून मोकळा होतो. पत्ताबदल आधी, नूतनीकरण नंतर.

फाइल कुठे अडते आणि ती हलवायची कशी

अर्ज परवाना शाखेतून पोलीस ठाण्याकडे जातो. तिथे गोपनीय विभागाचा अंमलदार गुन्ह्यांचा अभिलेख तपासतो, जबाब घेतो, शस्त्र ठेवण्याची जागा पाहतो. अहवाल वरिष्ठांच्या शिफारशीसह परत शाखेत येतो. पोलिसांनी अहवाल 30 दिवसांत द्यावा आणि प्राधिकाऱ्याने अहवाल मिळाल्यापासून 60 दिवसांत निर्णय घ्यावा, असं नियम सांगतात. व्यवहारात गणेशोत्सवाचा बंदोबस्त, निवडणूक, बदल्या यांत हे आकडे विरघळून जातात.

पहिलं काम म्हणजे फाइल शाखेत आहे की ठाण्यात, हे जावक क्रमांक आणि तारखेसह शोधणं. "पाठवलंय" हे उत्तर पुरेसं नाही. ठाण्यात आवक नोंदवहीत तो क्रमांक सापडला नाही, तर कागद मधल्या उपायुक्त किंवा अधीक्षक कार्यालयात पडलेला असतो. हा टप्पा लोक विसरतात.

ठाण्यात अडकण्याचं मोठं कारण जुना गुन्हा. खटल्यात निर्दोष सुटका झाली, बी किंवा सी समरी (तक्रार खोटी किंवा गैरसमजातून होती असा पोलिसांचा अहवाल) मंजूर झाली, जुनी चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) संपली, तरी संगणकावर ती "प्रलंबित" दिसू शकते. अंमलदार तेवढंच पाहून प्रतिकूल शेरा मारतो. निकालाची प्रमाणित प्रत काढून अर्जाला आधीच जोडा. गुन्हा लपवू नका: माहिती दडवून मिळवलेला परवाना रद्द करता येतो, आणि तो मुद्दा मूळ किरकोळ गुन्ह्यापेक्षा जड ठरतो. शारीरिक व मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र मागितलं, तर तेही विहित नमुन्यातलंच द्या. डॉक्टरांच्या लेटरहेडवरचा "फिट आहे" असा मजकूर परत येतो.

30 दिवस उलटले की प्राधिकाऱ्याला लेखी स्मरणपत्र द्या आणि त्यात कलम 13 मधल्या परंतुकाचा उल्लेख करा. ठाण्याचा अहवाल विहित मुदतीत आला नाही, तर प्राधिकारी त्याची आणखी वाट न पाहता आदेश काढू शकतो. "काढलाच पाहिजे" असं तिथे नाही, त्यामुळे दटावणीचा सूर नको. पण हे वाक्य फाइलवर आलं की शाखेला ठाण्याकडे विचारणा करावीच लागते.

त्यानेही हललं नाही तर माहिती अधिकार. प्रश्न "उशीर का झाला" असा घालू नका. त्याला उत्तर मिळत नाही, कारण "का" ही अभिलेखातली माहिती नसते. विचारा: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेली कार्यवाही तारीखवार, प्रत्येक टप्प्यावर तो कोणत्या पदनामाकडे किती दिवस होता, आणि टिपणीच्या प्रती. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. बऱ्याचदा उत्तराआधी फाइलच हलते. तरीही काही झालं नाही, तर ठराविक मुदतीत निर्णय घ्यावा असे निर्देश मागायला उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्या वेळी हीच स्मरणपत्रं आणि पोच उपयोगी पडतात.

शस्त्र जमा करताना

मुदतीच्या शेवटच्या दिवसाआधीच जमा करा. ठाण्यात बंदूक मुद्देमाल कक्षात दमट कोपऱ्यात उभी राहते. विक्रेत्याकडे दरमहा भाडं द्यावं लागतं, निगा मात्र बरी राहते. दीर्घ विलंब दिसत असेल तर विक्रेताच बरा. त्याने जमा करून घेतल्याच्या पावतीची प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या.

शस्त्र रिकामं करून नळी पुसा, आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवा. चामड्याच्या म्यानात ठेवून कधीच देऊ नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि एका पावसाळ्यात रिव्हॉल्व्हरच्या पोलादावर गंजाचे खड्डे पडतात. कापडी किंवा कडक पेटी द्या. पावतीवर शस्त्राचा प्रकार, बोअर, क्रमांक, काडतुसांची नेमकी संख्या आणि शस्त्राची स्थिती लिहून घ्या. स्टेशन डायरीचा नोंद क्रमांकही मागा. नुसतं "एक बंदूक जमा" लिहिलेली पावती पुढे वाद झाला तर काहीच सिद्ध करत नाही.

जमा केलेलं शस्त्र विहित मुदतीत परत घेतलं नाही किंवा विकलं नाही, तर जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. त्याआधी 30 दिवसांची कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. परवाना निलंबित असेल, तर निलंबनाच्या काळात त्या परवान्यावरचं शस्त्र असं सरकारजमा करता येत नाही.

निलंबनाचा आदेश आला तर

कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची कारणं ठरलेली आहेत: परवानाधारक अपात्र किंवा अयोग्य ठरणं, सार्वजनिक शांतता व सुरक्षितता, खोटी माहिती, परवान्याच्या अटींचा भंग आणि परवाना हजर करण्याच्या नोटिशीकडे दुर्लक्ष. आदेश हातात आला की यांपैकी कोणतं कारण घेतलंय ते पाहा. कारण लिहिलेलंच नसेल तर लेखी मागा. सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे असं प्राधिकाऱ्याचं मत नसेल, तर कारणांचं थोडक्यात निवेदन द्यावं लागतं. निलंबन किती काळासाठी आहे हेही विचारा. मुदत न लिहिलेला आदेश वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. परवान्याची पुस्तिका लगेच परत करा आणि पोच घ्या.

कारणे दाखवा नोटिशीला मुद्देसूद उत्तर द्या. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं, अदखलपात्र नोंद झाली, शस्त्र बाहेर काढलंच नव्हतं, असं असेल तर नेमकं तेच लिहा: फिर्यादीत शस्त्राचा उल्लेख नाही, शस्त्र त्या दिवशी कपाटात होतं. केवळ गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावर परवाना रद्द करता येत नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलं आहे. पण धमकावताना बंदूक दाखवल्याचा आरोप असेल, तर या युक्तिवादाला फारसा जीव उरत नाही. वकील काहीही म्हणोत.

अपील कलम 18 खाली, आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाच्या गृह विभागाकडे. अपिलासोबत आदेशाची प्रत व मिळालेलं कारणांचं निवेदन लागतं. उशीर झाला तर सबळ कारणासह विलंबमाफीचा अर्ज जोडा. अपील दाखल केलं म्हणून निलंबन थांबत नाही. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते आणि ती मिळेपर्यंत शस्त्र जमाच ठेवायचं. सुनावणीची संधी दिल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही, त्यामुळे अपिलात नोटिशीसाठी चालू पत्ता आणि मोबाइल क्रमांक द्या.

निवडणुकीतली जमा

हे निलंबन नव्हे. आचारसंहितेच्या काळात छाननी समिती कोणाची शस्त्रं जमा करायची ते ठरवते. बँकांचे सुरक्षारक्षक आणि रायफल असोसिएशनचे सदस्य असलेले नेमबाज यांना सवलतीची तरतूद आहे. त्यासाठी आदेशाची वाट न पाहता लगेच अर्ज करा. निकालानंतर शस्त्र परत मिळतं, पण जमा असताना परवान्याची मुदत संपली तर ठाणं ते देत नाही. लोक इथे फसतात, कारण शस्त्र ठाण्यात आहे म्हणून पुस्तिका वर्षभर उघडलेलीच नसते.

परत घेताना नूतनीकरणाची नोंद असलेली पुस्तिका, जमा पावती आणि शाखेचं ठाण्याला गेलेलं पत्र सोबत न्या. सही करण्याआधी मुद्देमाल कारकुनासमोर क्रमांक वाचा, काडतुसं मोजा. एखादं कमी भरलं किंवा नळीवर गंज दिसला, तर त्याच नोंदवहीत सहीच्या वर तसं लिहा.